आधी करंट, मग पेट्रोल

गाडी स्लोवर ठरत नव्हती. पाय काढला की इंजिनाचे सात-आठ ठोके सरळ पडायचे, मग एखादा चुकायचा, स्टिअरिंग थरथरायचं, पुन्हा दोन-चार ठोके सरळ, पुन्हा चूक. उन्हातून राजूर घाट चढायला घेतला की वरच्या वळणांवर कुठेतरी ती बंदच पडायची. अर्धा तास बॉनेट उघडून सावलीला बसलं की काहीच झालं नसल्यासारखी सुरू. एका गॅरेजवाल्याने दीड महिना ठेवून घेतली. कार्बोरेटरची किट, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटरची टोपी असं सगळं नवीन टाकलं, आणि कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू इतके फिरवले की ते मुळात कुठे होते हे सांगायला कोणी उरलं नाही. बिल दिलं, गाडी घरी आली, दुखणं तसंच.

ही 1963 ची स्टँडर्ड हेराल्ड. माझ्या वडिलांचा मलकापूरला दवाखाना होता, घाटाखालच्या खेड्यांत व्हिजिटला ते हिच्यातून जात. दोन दारं, 948 सीसीचं इंजिन. कव्हेंट्रीच्या ट्रायम्फने 1959 मध्ये हेराल्ड बाजारात आणली आणि 1961 पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ती आपल्याकडे बनवू लागली. आकार इटलीच्या मिकेलोत्तींचा. बॉनेट उघडलं की पुढचे मडगार्डही त्याच्याबरोबर वर जातात, सगळं इंजिन उघडं पडतं आणि चक्क पुढच्या चाकावर बसून काम करता येतं. मी आता बुलढाण्याला, म्हणजे घाटावर राहतो. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर गाडी घाट चढवून घरी आणली, आणि तेव्हापासून हा त्रास.

मे महिन्यात दोन माणसं अंगणातल्या लिंबाखाली एकाच इंजिनावर वाकली. एक मिस्त्रीकाका. हायवेवरच्या गॅरेजात पोरसवदा असताना याच गाडीचे प्लग घासून ते हा धंदा शिकले. आता वय पंचाहत्तर. दुसरी माझी भाची, पुण्याला इंजिन टेस्टिंगमध्ये नोकरीला, सुट्टीवर आलेली. तिच्या बॅगेत मल्टिमीटर, टायमिंग लाइट आणि फीलर गेज. काकांच्या पिशवीत एक पेचकस, दोन पाने आणि जर्द्याची जुनी डबी.

"आजोबा, मामा म्हणतात तुम्ही हिला स्पोर्ट्‌स कार म्हणता."

"मंग काय म्हणू? मद्रासपाशी शोलावरमले रेस व्हायच्या, तठी फियाटसंगं हेराल्ड धावायची. पेपरात फोटो यायचे."

"ही तशी घरगुती गाडी. पण स्पिटफायर नावाची खरी स्पोर्ट्‌स कार ट्रायम्फने 1962 मध्ये काढली, ती हिचीच चेसिस आखूड करून. इंजिनही याच घराण्यातलं, फक्त मोठं केलेलं, दोन कार्बोरेटरवालं. म्हणजे स्पिटफायर स्लोवर का ठरत नाही, याची उत्तरंही इथेच सापडतील."

"हाव ना. म्हणजे मी खोटं नोतो बोलत."

सुरुवातीलाच दोघांचं जमलं नाही. तिला आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं होतं. काकांनी माझ्याकडून वहीचा कागद मागून घेतला आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरला.

"पाह्य. कागद सारखा फडफडला पाह्यजे. एका ठेक्यात चुकला त एकच सिलिंडर मेलं. बेठेक चुकला त पॉइंट, नाईतर मिक्श्चर. अन् मधीच कागद आत ओढला जाऊन राह्यला त वॉल जळला समज. हे पाह्याले तुह्यं मशीन कायले पाह्यजे?"

कागद बेठेक चुकत होता. कधी दोन ठोक्यांनी, कधी नऊ ठोक्यांनी. आत ओढला जात नव्हता.

"ठीक आहे," ती म्हणाली, "पण मी हे लिहून ठेवते. उद्या काही बदललं की कालचा कागद कसा फडफडत होता, हे कोणाला आठवणार?"

"मले आठवते."

"तुम्हाला आठवतं. मामांना नाही, आणि त्या गॅरेजवाल्यालाही नाही. त्याने आठ गोष्टी एकदम बदलल्या. त्यातली एखादी बिघडवली असेल तर ती कोणती, हे आता कसं ओळखायचं?"

इथे मी पूर्णपणे भाचीच्या बाजूचा. जुन्या गाडीचं दुखणं हा पुरावा असतो आणि कारण कळण्याआधी फिरवलेला प्रत्येक स्क्रू त्यातला थोडा पुरावा पुसून टाकतो. आपल्याकडे इंजिन हाललं की पहिला हात कार्बोरेटरकडे जातो, कारण तो समोर दिसतो, त्याला स्क्रू असतात आणि स्क्रू फिरवला की आवाज बदलतो. आवाज बदलला म्हणजे दुरुस्त झालं असं गिऱ्हाइकालाही वाटतं. या सवयीने चांगली चांगली इंजिनं भंगारात गेलेली मी पाहिली आहेत आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

काकांचं म्हणणं दोन शब्दांचं. "आधी करंट, मंग पेट्रोल. कार्बोरेटरले सगळ्यात शेवटी हात लावाचा."

त्यांनी रबर गुंडाळलेल्या पक्कडीने चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. प्रत्येक वेळी इंजिन तितकंच खचलं. म्हणजे चारही सिलिंडर काम करत होते. मग प्लग बाहेर आले. प्लगच्या नाकाचा रंग पानाच्या काताचा हवा, हे मला वडिलांनीच शिकवलं होतं. काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असला तर कमी, तेलकट असला तर रिंगा किंवा गाइड गेलेले. आमच्या चारही प्लगांवर पातळ काजळी होती. त्या गॅरेजवाल्याने मिक्श्चर जाड केलं होतं आणि वर घाटावरची हवा जरा विरळ. पण एवढ्याने ठोका चुकत नाही.

मग काकांनी पेन्सिल मागितली. मला वाटलं, आता हेही लिहून ठेवणार. त्यांनी एका प्लगची वायर काढून प्लगपासून थोडी दूर धरली आणि पेन्सिलीचं शिसं त्या फटीत घातलं. ठिणगी शिशावरून उडी मारत होती आणि वायरीच्या बाजूला तिला बारीक पिवळट पिसारा फुटत होता.

"उलटं हाय. पिसारा प्लगच्या बाजूले पाह्यजे. कॉइलच्या वायरी कोनीतरी उलट्या लावल्या."

भाचीने कॉइल पाहिली आणि मान डोलावली. "आजोबा बरोबर आहेत. जुन्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. हिची बॅटरी कधी उलटवली का, मामा?"

"बाबांनी रेडिओ बसवला तेव्हा."

"मग आता बॉडीला निगेटिव्ह आहे. अशा वेळी कॉइलचं पॉझिटिव्ह टोक किल्लीकडे आणि निगेटिव्ह डिस्ट्रिब्युटरकडे जायला हवं. गॅरेजवाल्याने जुनीच खूण धरून लावलं."

"ठिणगी तर पडतेच आहे," मी म्हटलं. "कुठल्या बाजूने पडते, याने काय फरक पडतो?"

"प्लगचा मधला दांडा तापून लाल झालेला असतो, बाहेरचा आकडा त्यामानाने थंड. इलेक्ट्रॉन तापलेल्या धातूतून सहज सुटतात. वायरी उलट्या असल्या तर त्यांना थंड आकड्यातून निघावं लागतं आणि तीच ठिणगी पाडायला कॉइलला बराच जास्त दाब द्यावा लागतो. एरवी भागतं. पण प्लग जुने झाले, घाटात ओझं पडलं, कॉइल तापली की कॉइलची राखीव ताकद संपते."

काका ऐकत राहिले. ही पेन्सिलीची युक्ती त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवली होती, पण ती का चालते, हे इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. "असं असते होय," एवढंच म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने वायरी अदलून बदलून लावल्या. इंजिन जरा बरं झालं. जराच.

चहा झाला. भाचीने पॉइंटचं गणित मांडलं ते मला फार आवडलं, म्हणून इथे देतो. स्लोवर इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल तर चार सिलिंडरना मिनिटाला सोळाशे ठिणग्या लागतात, सेकंदाला सत्तावीसच्या आसपास. प्रत्येक ठिणगीसाठी पॉइंट मिटतात, कॉइलमध्ये करंट साचतो. पॉइंट उघडतात, तो करंट तुटतो आणि त्या तुटण्यातून हजारो व्होल्टचा झटका उठतो. कंडेन्सर त्या क्षणी पॉइंटवरची ठिणगी पिऊन टाकतो, म्हणून करंट झटकन तुटतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने 1910 च्या सुमारास कॅडिलॅकसाठी ही मांडणी आणली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या. वडिलांची हेराल्ड, मुंबईची फियाट, ॲम्बेसेडर, सगळ्यांत तीच.

"म्हणून सांगते आजोबा, सेकंदाला सत्तावीस वेळा उघडणारी वस्तू पोस्टकार्ड घालून मापायची नसते."

काका खरंच पॉइंटच्या फटीत पोस्टकार्डाची घडी सरकवून पाहत होते. "पंधरा थाउ लागते. कार्ड तेवढंच असते."

तिने फीलर गेज घातला. पंधरा थाउची, म्हणजे पंधरा हजारांश इंचाची, पाती अगदी हलकी घासून गेली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. पण भाची थांबली नाही. तिने शाफ्ट थोडा फिरवून कॅमच्या दुसऱ्या टेकाडावर तेच माप घेतलं. तिथे पाती सैल गेली. तिसऱ्यावर घट्ट.

"हे पाहा. एकाच टेकाडावर मापलं की बरोबर वाटतं. चारही टेकाडांवर चार मापं येताहेत."

मग टायमिंग लाइट लावला. उन्हात नीट दिसेना म्हणून गाडी ढकलून पडवीच्या सावलीत घेतली. पुलीवरच्या खुणेला तिने खडूने पांढरं केलं. लाइटच्या लुकलुकीत ती खूण एका जागी थिजून राहायला हवी. आमची नाचत होती. पुढे, मागे, मध्येच एकदम चार-पाच अंश मागे. प्रत्येक वेळी खूण मागे उडाली की इंजिनाचा ठोका चुकत होता. डोळ्याने आणि कानाने एकाच क्षणी कळत होतं.

काकांनी इंजिन बंद करायला सांगितलं. टोपी काढून दोन बोटांनी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट धरला आणि बाजूला हलवला. तो हलला. बारीकसाच, पण टिक असा आवाज आला. त्यांनी पुन्हा हलवला. पुन्हा टिक.

"बुश गेलं. माह्या हाताले हे पह्यलेच कळाले पाह्यजे होतं."

ते स्वतःवर नाराज झाले होते. साठ वर्षांनी कांस्याचा बुश झिजणारच, यात कोणाचा दोष नाही. शाफ्ट डगमगला की पॉइंट कधी जास्त उघडतात, कधी कमी, ठिणगी कधी लवकर, कधी उशिरा. वेगात जडत्वाने थोडं सांभाळलं जातं, स्लोवर मात्र सगळं उघडं पडतं. म्हणून नवीन पॉइंट टाकूनही स्लो सुधारला नव्हता. मिक्श्चरचा स्क्रू फिरवून हे दुरुस्त होणं शक्यच नव्हतं.

कार्बोरेटरचीही थोडी चूक निघाली. थ्रॉटलचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे भाचीने इंजेक्शनच्या सिरिंजने साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला. आवाज क्षणभर बदलला आणि पुन्हा पहिल्यावर आला. म्हणजे झिजलेल्या भोकातून हवा आत जात होती. त्यावर फार वेळ घालवला नाही. बुश आणि दांडा दोन्ही खामगावला लेथवर पाठवायचं ठरलं.

"पण घाटाचं काय?" मी विचारलं. बुश झिजला म्हणून गाडी तापल्यावर बंद पडत नाही आणि अर्ध्या तासाने सुरू होत नाही.

भाचीचा अंदाज पक्का होता. "पेट्रोलची वाफ. पंप इंजिनाला चिकटून बसवलाय. घाटाखालचं ऊन, वर चढ, त्यात आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. लाइनमध्ये वाफ धरली की पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. शिवाय हिचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलसाठी बनलेलेच नाहीत. ते आधी बदला."

"बदला, ते त बदलाच," काका म्हणाले. "पन घाटात बंद पडते ते करंटनं."

"कशावरून?"

"वाफ धरली त गाडी खोकत खोकत मरते. मास्तर म्हणतात, ही एकदम मरते. किल्ली काढल्यासारखी."

माझ्याकडे दोघांनी पाहिलं. मी आठवून सांगितलं, एकदमच. भाचीने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. "कंडेन्सर असेल तर तापल्यावर असं होतं. पण तो मी मोजलाय. बावीस दशांश... नाही, शून्य पूर्णांक बावीस मायक्रोफॅरड. अगदी बरोबर आहे."

"थंडा असताना मोजला ना?"

यावर ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आम्ही मुद्दाम मोताळ्यापर्यंत खाली उतरलो आणि लगेच परत फिरलो. खाली वारा भट्टीतून आल्यासारखा. मलकापूरपासून बुलढाण्यापर्यंत जवळपास चारशे मीटरची चढण आहे, आणि तिच्यातली बरीचशी राजूर घाटातच येते. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी निमूट चढत होती. निम्म्याच्या वर गेलो आणि ती मेली. खोकली नाही, धडपडली नाही, मेली.

काकांनी उतरून चाकामागे दगड लावला. भाचीच्या हातात ओलं फडकं तयार होतं. ते पंपावर टाकायचं. गाडी सुरू झाली तर वाफ, नाही तर दुसरं काही. ही परीक्षा जुन्या ड्रायव्हरांचीच आहे. काकांनी तिचा हात धरला.

"थांब माय. तू फडकं टाकशीन, तेवढ्यात सगळंच थंड होईन. मंग काय कळणार? आधी करंट."

"बरोबर," ती म्हणाली आणि फडकं खाली ठेवलं. मला वाटतं, त्या दोन दिवसांत ती एवढ्या लवकर कधीच मानली नव्हती. कारण हा तिचाच नियम होता. एका वेळी एकच गोष्ट, आणि तीही दुखणं चालू असताना.

कॉइलकडून टोपीच्या मध्यात येणारी मेन वायर काढून त्यांनी इंजिनाच्या ब्लॉकजवळ धरली. मी किल्ली फिरवली. टणक, निळी, चटचट वाजणारी ठिणगी. ती वायर परत लावून एका प्लगची वायर तशीच धरली. काही नाही. दुसऱ्या प्लगची धरली, तिथेही अंधार.

भाची स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हणजे कॉइल चांगली, पॉइंट चांगले, कंडेन्सर चांगला. करंट टोपीच्या आत येतोय आणि आतच हरवतोय. टोपी, नाहीतर रोटर."

काकांनी टोपी काढली. रोटर जागेवरच ठेवला आणि मेन वायरीचं टोक त्याच्या पितळी पट्टीच्या वर अर्ध्या बोटाच्या अंतरावर धरलं. "मार किल्ली." रोटर चांगला असेल तर इथे ठिणगी पडायला नको. पट्टी खालच्या शाफ्टपासून तुटलेली असते, करंटला जायला वाटच नसते. मी किल्ली मारली. वायरीतून पट्टीवर ठिणग्यांची माळ लागली. करंट पट्टीतून, रोटरच्या प्लास्टिकमधून, थेट शाफ्टमध्ये उतरून बॉडीत जिरत होता.

"हाच चोर."

रोटर काढायला गेल्यावर त्यांची बोटं भाजली. फडक्यात धरून भाचीने तो उलटा करून पाहिला. आतल्या बाजूला पितळी रिव्हेटच्या टोकापासून भोकाच्या कडेपर्यंत केसाएवढी काळी रेघ उमटली होती. रिव्हेट जरा लांब, वरचं प्लास्टिक जरा पातळ. थंड असताना ते करंट अडवत होतं, तापलं की सोडत होतं, आणि एकदा वाट जळाली की दर वेळी ती वाट आणखी सोपी होत होती. अंगणात सकाळी मोजला असता तर हा रोटर पास झाला असता. त्या वेळी त्याच्यात काही दोष दिसलाच नसता.

काकांनी जर्द्याची डबी उघडली. आत कापसात गुंडाळलेला जुना रोटर, पितळ काळवंडलेलं, प्लास्टिक तपकिरी. कोणत्या तरी मोडीत निघालेल्या हेराल्डचा, तीसेक वर्षं सांभाळलेला. तो बसवला, टोपी दाबली, मी किल्ली फिरवली. इंजिन अर्ध्या फेऱ्यात सुरू झालं. पंप अजून तसाच तापलेला होता, त्याच्यावर पाण्याचा थेंबही पडला नव्हता.

"मी वाफेवर पैज लावली असती," भाची म्हणाली.

"नवं टाकलं म्हणजे चांगलं टाकलं, असं तू धरून चालली," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. "आमच्या काळात नवं म्हणजे चांगलं असायचं. आता नव्यालेच आधी संशयानं पाह्याचं."

वर आल्यावर ज्या विषयावर ते भांडले, तो आजही मिटलेला नाही. भाचीला पॉइंट काढून डिस्ट्रिब्युटरच्या आत इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल बसवायचं आहे.

"झिजायला काही नाही. फट मोजायची नाही. शाफ्ट थोडा डगमगला तरी ठिणगी इतकी इकडे-तिकडे होत नाही. पॉइंट जळत नाहीत, कंडेन्सर लागत नाही. आजोबा, तुमच्यानंतर या जिल्ह्यात पॉइंट लावणारं कोण राहणार आहे?"

"अन् ते मॉड्यूल बोथ्याच्या जंगलात रात्री मेलं त? पॉइंट जळाले त मी काडेपेटीच्या बाजूवर घासून घरी आणतो. ते तुह्यं मॉड्यूल घासून पाह्य बरं."

"पॉइंटची प्लेट डिकीत ठेवायची. दहा मिनिटांत परत बसते."

"कोनाच्या हातानं? मास्तरच्या?"

मी गप्प राहिलो. मला ते जमत नाही, हे खरं आहे.

"बॅटरीच्या वायरी उलट लागल्या तरी मॉड्यूल क्षणात जळते, ते सांगतलं का मास्तरले?"

"सांगितलं. आणि ही गाडी आता निगेटिव्ह अर्थवर आहे, हेही कॉइलजवळ चिकटपट्टीवर लिहून लावलंय."

रोटर मात्र दोन्हीकडे लागतोच, हे भाचीनेच आठवण करून दिलं. मॉड्यूल लावलं असतं तरी तो नवीन रोटर घाटात तसाच फुटला असता. जुन्या गाडीत आधुनिक वस्तू बसवली की बाकीच्या जुन्या वस्तू आपोआप नव्या होत नाहीत. नव्या गाड्यांतही चोर भलतीकडेच असतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे सॅन स्टॉर्म आली, फायबरग्लासच्या बॉडीची दोन सीटची, रेनोच्या इंजिनाची. भाची म्हणाली, फायबरमधून करंट वाहत नाही, त्यामुळे अशा गाडीत प्रत्येक वस्तूला अर्थची वेगळी वायर न्यावी लागते, आणि त्यातली एखादी गंजली की तिथेही माणसं सेन्सर बदलत बसतात.

टायमिंगवर मात्र काकांनी तिला हरवलं, आणि तेही पुस्तकाच्याच जोरावर. तिला पुस्तकातल्या अंशांवर खूण लावायची होती. काका म्हणाले, ते पुस्तक ज्या पेट्रोलवर लिहिलं ते पेट्रोल आता आहे का? नाही. शिशाचं पेट्रोल देशात 2000 सालीच बंद झालं, आता त्यात इथेनॉल. मग पुस्तकाचा आकडा आजच्या गाडीचा कसा? त्यांनी डिस्ट्रिब्युटर किंचित पुढे घेतला आणि गाडी टॉप गिअरमध्ये, कमी वेगात, चढावर दाबायला लावली. इंजिनातून खड्यांची पिशवी हलवल्यासारखा बारीक आवाज आला. तेव्हा केसभर मागे. पुन्हा चढ. आवाज नाही. भाचीने तिथेच लाइट लावून अंश मोजले आणि वहीत लिहिले. "आता तुमचा कान माझ्या वहीत आहे," ती म्हणाली. काकांना ते आवडलं, त्यांनी वही हातात घेऊन तो आकडा दोनदा पाहिला.

मी सध्या पॉइंटच ठेवले आहेत. भाचीचं म्हणणं खोडता येत नाही, हे मी मान्य करतो. पण काका आहेत तोवर त्यांच्या बोटांना या गाडीत काम असावं, असं मला वाटतं. दर महिन्याला ते येतात, टोपी काढतात, शाफ्ट हलवून पाहतात. मी शेजारी चाकावर बसतो आणि फीलर गेज धरायला शिकतो आहे. चारही टेकाडांवर मापतो.

खामगावहून बुश बसून आला तेव्हा भाची पुण्याला परतली होती. काकांनी आणि मी डिस्ट्रिब्युटर बसवला, वायरी एक-तीन-चार-दोनच्या क्रमाने लावल्या, वहीतल्या अंशांवर खूण आणली. तिने जाताना लाइट माझ्याकडेच ठेवला होता. खडूची खूण आता पुलीवर थिजून उभी राहिली. इंजिन स्लोवर ठरलं. कागद सायलेन्सरशी धरला, तो एका लयीत फडफडत राहिला.

काकांनी कागद बाजूला ठेवला, पेचकसाचं टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"दोन नंबर लयच गप हाय," ते म्हणाले. "टॅपेटनं थोडं वाजाव लागते. वॉलची सीट घासून वॉल वर सरकून राह्यला. बिनशिशाच्या पेट्रोलनं. गेज आन, मास्तर. दहा थाउचं. अन् इंजिन पूर्ण थंडं होऊ दे."

मी इंजिन बंद केलं आणि वहीत तारीख घातली.